थोड्या पाण्याचा समुद्र

समुद्राचा मोठा गुण त्याचं खारेपण नाही, त्याचं आकारमान आहे. तो इतका मोठा आहे की त्याला कसलीच घाई नाही. दिवसभर ऊन पडतं, उघड्या समुद्राचं पाणी जेमतेम तापतं. एखादा मासा मरतो, त्याचं कुजणं कुठल्या कुठे विरून जातं. पाऊस कोसळतो, चव बदलत नाही. प्रवाळ या सावकाश पाण्यात वाढलं. झटपट बदल सोसायची तयारी त्याला फारशी करावीच लागली नाही.

घरातल्या टाकीत खारेपण आणता येतं, ते पिशवीतून विकत मिळतं. आकारमान आणता येत नाही. चारशे लिटर पाणी फ्लॅटच्या फरशीला चारशे किलोंचं ओझं असतं, प्रवाळाच्या दृष्टीने ते काहीच नसतं. जे आकारमान कमी पडतं ते माणसाने लक्ष देऊन भरून काढायचं. खाऱ्या पाण्याची टाकी सांभाळणं म्हणजे एवढंच, आणि एवढंच पुष्कळ आहे.

दिल्लीची द्वारका समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर. इथे खारं काही असेल तर ते जमिनीखालचं पाणी. नैऋत्य दिल्लीचं भूजल बऱ्याच ठिकाणी खारट आहे, पण प्रवाळाला ते चालत नाही. समुद्राच्या एका लिटरमध्ये सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, आणि त्यांतलं सोडियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम यांचं एकमेकांशी प्रमाण जगातल्या सगळ्या महासागरांत जवळजवळ सारखंच असतं. बोअरच्या पाण्याला असं ठरलेलं प्रमाण नसतं. कुठे नायट्रेट जास्त, कुठे फ्लोराइड.

म्हणून पहिलं काम पाणी कोरं करण्याचं. सोसायटीच्या टाकीत जल बोर्डाचं पाणी येतं, उन्हाळ्यात टँकरचं येतं, कुठे बोअरचंही मिसळतं. नळ तोच असतो, पाणी रोज तेच असेल असं नाही. ते आरओतून काढायचं, मग रेझिनच्या नळकांड्यातून, टीडीएस मीटरवर शून्य येईपर्यंत. पिण्याच्या पाण्याला शून्य नको असतं, इथे शून्यच हवं. पाण्यात आधीपासून काय आहे ते ठाऊक नसेल, तर त्यात काय घालायचं हे ठरवता येत नाही.

आरओ एक लिटर चांगलं पाणी देतं तेव्हा दोन-तीन लिटर बाहेर टाकतं. मे महिन्यात ज्या उपनगरात टँकरच्या पाळीवरून सोसायट्यांच्या बैठका तापतात, तिथे हे वाक्य सहज लिहून पुढे जाता येत नाही. बाहेर पडणारं पाणी पिंपात धरायचं. फरशी त्याने पुसायची, संडासात तेच ओतायचं. घरातल्या बाकीच्यांना त्या पिंपाची सवय लागायला वेळ लागतो, पण लागते. हा हिशेब ज्याला नको असेल त्याने ही टाकी घरात आणू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पाच माशांसाठी शेजाऱ्याच्या वाट्याचं पाणी गटारात सोडणं हा छंद होऊ शकत नाही.

टाकीतले पहिले रहिवासी मासे नसतात. ते डोळ्यांना दिसतही नाहीत. दगडाच्या छिद्रांत, वाळूत, पंपाच्या जाळीवर जिवाणूंची वस्ती बसावी लागते. एक जात अमोनियाचं नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचं नायट्रेट. ही वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर दिवा लागलेला असतो, पंप चालू असतो, पाणी फिरत असतं आणि आत कोणीच नसतं. घरी आलेले लोक विचारतात, मासे कुठे आहेत? त्या रिकाम्या आठवड्यांत टाकीचं पुढचं सगळं ठरत असतं. ज्याला रिकामी टाकी बघवत नाही, त्याला भरलेली टिकवता येत नाही.

अमोनिया दिल्लीकरांना वर्तमानपत्रातून माहीत आहे. हिवाळ्यात यमुनेत त्याचं प्रमाण लिटरला सुमारे १ मिलिग्रॅमच्या वर गेलं की वझीराबाद आणि चंद्रावलच्या शुद्धीकरण केंद्रांना उत्पादन कमी करावं लागतं आणि अर्ध्या शहराचे नळ मंदावतात. द्वारकेच्या केंद्राला मुनक कालव्याचं पाणी येतं, म्हणून इथे ती झळ कमी. पण टाकीजवळ बसून काचेच्या नळीत थेंब मोजताना ती बातमी वेगळी वाचली जाते. माशाचे कल्ले १ मिलिग्रॅमची वाट पाहत नाहीत, त्याच्या बरंच आधी जळायला लागतात. आणि जे काम टाकीतल्या दगडावरचे जिवाणू बिनबोभाट करतात, तेच काम नदीही करत होती. त्यासाठी तिला वाहतं पाणी आणि त्यात विरघळलेला प्राणवायू लागतो. आपण तिच्याकडून दोन्ही काढून घेतलं. द्वारकेजवळून वाहणारा नजफगढ नाला एके काळी साहिबी नदीचा प्रवाह होता, हे इथल्या किती मुलांना कोणी सांगितलं असेल?

पाणी उडून जातं, मीठ उडत नाही.

सगळी रोजची कामं या एका ओळीतून निघतात. पातळी खाली गेली की खारेपण वाढलेलं असतं, म्हणून भर घालायची ती साध्या, कोऱ्या पाण्याची. नवखा माणूस खारं पाणी ओततो, कारण टाकीत खारं पाणी होतं असं त्याला दिसलेलं असतं. काय कमी झालं ते ओळखायचं, आणि तेवढंच परत द्यायचं. हे रोज द्यायचं, थोडं थोडं. आठवड्याचं एकदम दिलं तर हिशेब बरोबर येतो आणि प्रवाळ मिटून बसतं.

दिल्लीचे ऋतू टोकाचे आहेत. मुंबईत टाकी ठेवणाऱ्याला वर्षभर साधारण एकच लढाई असते. इथे दर दोन महिन्यांनी वेगळी.

मे महिन्यात बाहेर ४५ अंश. टाकीला २५-२६ हवेत, २९ झाले की काळजी, त्यावर गेले तर रोज काहीतरी गमवायची तयारी. तरी लू, तो कोरडा गरम वारा, आपल्या बाजूने असते. पाण्याच्या पृष्ठभागावर साधा छोटा पंखा लावला की कोरडी हवा भराभर पाणी ओढून घेते आणि टाकी दोन-तीन अंशांनी उतरते. भर जास्त घालावी लागते, एवढंच. जुलै-ऑगस्टमध्ये तोच पंखा, तोच वेग, आणि काही उपयोग नाही. हवा आधीच ओली असते, ती आणखी पाणी घेत नाही. बाहेर पारा उतरलेला असतो आणि टाकी मेपेक्षा जास्त तापलेली असते. मे महिना निभावला म्हणून निर्धास्त झालेल्यांच्या टाक्या ऑगस्टात जातात. मग एसीची खोली किंवा चिलर. चिलर पाणी थंड करतो आणि ती उष्णता खोलीत सोडतो. ती खोलीबाहेर कशी जाणार याचा विचार आधी करावा लागतो.

जानेवारीत उलट. बिनहीटरच्या फ्लॅटमध्ये रात्री आतला पारा १४-१५ वर येतो. टाकीत एक मोठा हीटर ठेवण्याऐवजी दोन छोटे ठेवावेत. एक बंद पडला तर दुसरा टाकीला धरून ठेवतो. एक चालूच राहिला तरी एकट्याने पाणी फार तापवू शकत नाही. ज्या यंत्रावर जीव अवलंबून आहे ते बिघडेल असं धरूनच ते निवडायचं.

लाइट गेली की आधी दिव्याची चिंता करू नये. प्रवाळ दोन दिवस अंधारात राहतं, समुद्रावरही ढग येतात. आधी जातो तो प्राणवायू. कोमट खाऱ्या पाण्यात तो मुळातच कमी विरघळतो, पंप थांबला की मासे, जिवाणू, प्रवाळ सगळे उरलेला वाटून घेतात आणि तो काही तासांत संपतो. सोसायटीला जनरेटर असतो, पण घरातल्या कोणत्या प्लगला त्याची जोडणी आहे हे लाइट असताना पाहून ठेवायचं. आणि बॅटरीवर चालणारा हवेचा पंप हाताशी. तो स्वस्त असतो. टाकीवर हजारो रुपये घातलेल्या माणसाकडे नेमका तोच नसतो, हे मी अनेक घरांत पाहिलं आहे.

नोव्हेंबरची गोष्ट याहून अवघड आहे.

धूर वाढतो, खिडक्या बंद होतात. बंद घरात माणसांच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड वाढत जातो. तो टाकीच्या पाण्यात उतरतो आणि पाणी आम्लाकडे झुकतं. ८.२ असणारा पीएच ७.८ पर्यंत येतो. मासे वागण्यात काही दाखवत नाहीत. पण चुनखडी बांधणाऱ्या जीवांचं काम मंदावतं, दगडांवर पसरणाऱ्या गुलाबी शैवालाची वाढ थांबते. इतर गावांत यावर सोपा उपाय आहे: खिडकी उघडा. दिल्लीत नोव्हेंबरमध्ये खिडकी उघडली तर टाकीला बरं वाटतं आणि घरातल्या लहान मुलाला खोकला होतो. अशा वेळी मुलाची बाजू घ्यायची, हे सांगायला नको. बुडबुड्यांनी पाण्यातली घाण काढणाऱ्या यंत्राची, स्किमरची, हवेची नळी सोडा लाइमच्या डब्यातून काढली तर हवेतला कार्बन डायऑक्साइड आधीच अडतो आणि खिडकी बंद ठेवता येते.

दुसरा उपाय मराठी घराला परका नाही: चुन्याची निवळी. आपल्या आज्या ती बाळंतिणीला आणि वाढत्या मुलांना देत, हाडांसाठी. पेटर विल्केन्स या मत्स्यालयतज्ज्ञाने प्रवाळाच्या टाकीत हीच निवळी वापरण्याची पद्धत रूढ केली, आणि जगभरचे लोक ती आजही जर्मन नावानेच ओळखतात. चुना कोऱ्या पाण्यात ढवळायचा, गाळ बसू द्यायचा, वरचं नितळ पाणी रात्री थेंब थेंब टाकीत सोडायचं. त्यातून कॅल्शियम मिळतं, पाण्याचा अल्कधर्मी साठा भरतो, पीएच वर येतो. पानाच्या ठेल्यावरचा चुना मात्र नको. त्यात काय मिसळलंय सांगता येत नाही. शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड हवं. आणि थेंबच हवेत. हीच निवळी घाईने ओतली तर पीएच झटक्यात उसळतो आणि पाण्यात चुनखडीचं दूध दिसायला लागतं. औषध तेच, वेग चुकला की विष.

रात्रीच सोडायची यालाही कारण आहे. दिवा असेपर्यंत शैवाल कार्बन डायऑक्साइड खात असतं, दिवा मालवला की सगळेच फक्त श्वास सोडतात. टाकी रात्री आम्लाकडे झुकते. तेव्हाच तिला हात द्यायचा.

आकड्यांचा मोह वाईट. अमुक आकडा आदर्श, असं वाचून लोक टाकी त्या आकड्याकडे ढकलत राहतात. अल्कधर्मीपणा आठ डीकेएचवर महिनोन्‌महिने ठाम असलेली टाकी चांगली. आज सात, उद्या दहा, परवा नऊ असं हेलकावणारी वाईट, जरी सरासरी सुरेख येत असली तरी. जीव सरासरीत जगत नाही.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दिवाही बदलला, मीठही बदललं, नवा मासाही आणला, आणि आठवड्याने प्रवाळ आक्रसलं, तर दोष कुणाचा हे देवालाही सांगता येणार नाही.

लेदर कोरल म्हणून एक मऊ प्रवाळ असतं. अळंबीच्या आकाराचं, जाड देठ आणि वर पसरट छत्री. छत्रीवर दाट तंतू. भिंग लावून पाहिलं तर प्रत्येक तंतूच्या टोकाला आठ हात दिसतात, आणि प्रत्येक हाताला पिसासारख्या बारीक कडा. मोजायला गेलात तर मोजता येतात, इतके स्वच्छ. रंग मातकट तपकिरी. तो रंग त्याचा स्वतःचा नाही. पेशींच्या आत एकपेशीय शैवाल राहतं, ते उजेडातून अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा भाग यजमानाला देतं. प्रवाळ प्राणी आहे, पण त्याच्या पोटात शेती चालू असते.

हे लेदर कोरल अधूनमधून मिटतं. सगळे तंतू आत जातात, छत्री गुळगुळीत होते, तिच्यावर मेणासारखा चकचकीत पापुद्रा चढतो. पहिल्यांदा पाहणारा हबकतो. पाणी बदलतो, औषध शोधतो, जागा हलवतो. वास्तविक ते कात टाकत असतं. अंगावर बसलेलं शेवाळ आणि गाळ त्या पापुद्र्याबरोबर काढून टाकायचा, ही त्याची आंघोळ. काही दिवसांनी, कधी आठवड्यानंतर, पापुद्रा एका कडेने सुटतो आणि प्रवाहात फडफडायला लागतो. तोही ओढून काढू नये. आपलं काम एवढंच की तिथून पाण्याचा चांगला झोत जात असावा. पापुद्रा जातो, तंतू पुन्हा बाहेर येतात, पहिल्यापेक्षा लांब. त्या मिटलेल्या आठवड्यात ज्याने हात पाण्यात घातला नाही, त्याला प्रवाळ ठेवता येईल असं खुशाल समजावं.

आणि तरी मिटणं म्हणजे दर वेळी कात टाकणं नसतं. देठ मऊ पडला, वास आला, कड काळी पडून विरघळायला लागली, तर त्याच तासाला हात घालावा लागतो. कधी थांबायचं आणि कधी धावायचं हे पुस्तकात लिहिता येतं, ओळखता येतं ते रोज पाहिल्यावरच. म्हणून रोज पाहायचं, काही बिघडलेलं नसताना. जो फक्त बिघडल्यावर पाहतो, त्याला बिघाड आणि स्वभाव यांतला फरक कळत नाही.

मासा विमानाने येतो. प्लास्टिकच्या पिशवीत थोडं पाणी, वर प्राणवायू, बाहेर थर्माकोल. द्वारकेवरून दिवसरात्र विमानं उतरत असतात, त्यांतल्या एखाद्याच्या पोटात हाही असतो. प्रवासात पिशवीतल्या पाण्यात अमोनिया साठतो. त्याच वेळी माशाच्याच श्वासातला कार्बन डायऑक्साइड पीएच उतरवतो, आणि उतरलेल्या पीएचमध्ये अमोनिया बराचसा निरुपद्रवी रूपात राहतो. म्हणजे ज्या श्वासाने पाणी खराब झालं त्याच श्वासाने माशाला तगवलं. पिशवी उघडली की तो वायू निघून जातो, पीएच चढतो आणि अमोनिया पुन्हा विषारी होतो. लांबून आलेल्या माशाची पिशवी उघडून तास-दोन तास हळूहळू सवय लावत बसणं म्हणूनच घातक. तापमान जुळवा, खारेपण आधीच जुळवून ठेवा, आणि उघडल्यावर वेळ घालवू नका. प्रेमाने केलेली दिरंगाई त्याला मारते.

मग वेगळी टाकी. नवा मासा थेट मोठ्या टाकीत कधीही सोडू नये. क्रिप्टोकॅरिऑन नावाचा परजीवी असतो, अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसतात. समुद्रात तो माशाला सहसा मारत नाही. पिल्लं यजमान शोधत पाण्यात उतरतात आणि बहुतेक हरवतात. चार भिंतींच्या पाण्यात हरवायला जागाच नसते. प्रत्येक पिढी त्याच माशांवर परत येते. त्यावर तांबं चालतं, पण तांबं प्रवाळाला, कोळंबीला, गोगलगाईला मारतं आणि दगडात मुरून बसतं. म्हणून उपचार दुसरीकडे. मोठ्या टाकीत रोग शिरलाच, तर सगळे मासे बाहेर काढून ती अडीच महिने माशांविना ठेवावी लागते, परजीवी उपाशी मरेपर्यंत. आणि घरातला तांब्याचा हंडा या पाण्याजवळ आणू नये, पूजेचा असला तरी.

दुकानात सांगतात, ‘‘सर, छोटी मछली है, चल जाएगी.’’ छोटी मछली वाढते. चार फुटांच्या टाकीत निळा टँग ठेवणं मला पटत नाही, तो कितीही सुंदर असो. पोहणं हाच ज्याचा स्वभाव, त्याला वळायला लावत ठेवायचं हा सांभाळ नव्हे. क्लाउनफिश मात्र स्वतःच्या ठिकाणाहून फार लांब जात नाही. जोडी एका कोपऱ्यात राहते, मिळालं तर लेदर कोरलच्या छत्रीतच घर करते. जन्मतः सगळे नर असतात. घोळक्यातला सर्वांत मोठा मादी होतो. मादी गेली की तिचा नर मादी होतो आणि खालचा एक वर सरकतो. त्यांच्यात जागा रिकामी राहत नाही.

खायला कमी घालावं. उपाशी मेलेल्या माशांपेक्षा जास्तीच्या खाण्याने सडलेल्या पाण्यात मेलेले मासे खूप अधिक.

आता किनाऱ्याकडे. मालवणच्या समुद्रात, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास, प्रवाळ आहे. १९८७ मध्ये तिथे सागरी अभयारण्य जाहीर झालं. विजयदुर्गापासून सुमारे शंभर किलोमीटर आत, समुद्राखाली आंग्रिया बँक नावाचं प्रवाळांचं मोठं पठार आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं. मुंबईत हाजीअली आणि वरळीच्या खडकांवर, त्या गढूळ पाण्यातही, प्रवाळ जगतं. कोस्टल रोडसाठी २०२० मध्ये तिथल्या काही वसाहती गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या देखरेखीखाली उचलून दुसरीकडे बसवल्या गेल्या. मरीन ड्राइव्हवर १९५१ मध्ये उघडलेल्या तारापोरवाला मत्स्यालयात मराठी मुलांच्या पिढ्यांनी काचेआडचा समुद्र पाहिला, खरा समुद्र रस्त्यापलीकडे असताना.

यांतलं काहीही घरी आणता येत नाही, आणि ते योग्य आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून खडक बांधणारी सगळी प्रवाळं, काळं प्रवाळ, समुद्रपंखे आणि समुद्रघोडे आहेत. वाघाची जी अनुसूची, तीच यांची. परदेशातून येणाऱ्या कठीण प्रवाळालाही साइट्स या वन्यजीव-व्यापाराच्या कराराचे कागद लागतात. दुकानदार म्हणतो कोणी विचारत नाही. आपण विचारावं.

कारण या छंदाने किनारे ओरबाडल्याचा इतिहास आहे. फिलिप गॉस या इंग्रज निसर्गअभ्यासकाने १८५४ मध्ये ‘दि अ‍ॅक्वेरियम’ हे पुस्तक लिहिलं, आणि इंग्लंडच्या मध्यमवर्गाला घरात समुद्र ठेवायचं वेड लागलं. लोक टोपल्या घेऊन ओहोटीच्या खडकांवर उतरले. त्या खडकांतली कुंडं कशी ओरबाडली गेली ते त्याच्याच मुलाने, एडमंडने, पुढे आठवणींत लिहून ठेवलं. बापाने लोकांना समुद्रावर प्रेम करायला शिकवलं, आणि त्या प्रेमाने तो किनारा रिकामा झाला. फिलिपीन्स-इंडोनेशियात गेली काही दशकं सायनाइड फवारून गुंगवलेले मासे याच बाजारासाठी पकडले गेले. मासा वाचतो कदाचित, मागचं प्रवाळ मरतं.

म्हणून घरच्या टाकीत यावं ते टाकीत जन्मलेलं. आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने मंडपम आणि विळिंजमला क्लाउनफिशची पैदास करून दाखवली आहे. असे मासे आधीपासून पेलेटं खातात, काचेला बुजत नाहीत, आणि त्यांच्यासाठी कुठलाही खडक फुटलेला नसतो. मऊ प्रवाळाचा तुकडा एका टाकीतून दुसऱ्या टाकीत देता येतो. देठ कापला की महिन्याभरात नवी छत्री धरते. विकत घेण्यापेक्षा मागून घ्यावं, आणि वाढलं की वाटून टाकावं.

सुरुवातीला म्हटलं की समुद्राकडे आकारमान आहे. ते पूर्वी पुरत होतं. उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा पाणी एक-दोन अंशांनी वर गेलं आणि काही आठवडे तिथेच राहिलं, की प्रवाळ आतलं शैवाल बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. मेलेलं नसतं, उपाशी असतं. पाणी वेळेत निवलं तर सावरतं. लक्षद्वीपमध्ये हे १९९८ मध्ये झालं, २०१० मध्ये झालं, २०१६ मध्ये झालं, २०२४ मध्ये झालं. दोन वेळांमधलं अंतर पाहा. २०२४ च्या एप्रिलमध्ये शास्त्रज्ञांनी जगभरची चौथी विरंजनाची लाट जाहीर केली. समुद्र आता ऑगस्टमधल्या टाकीसारखा वागतो आहे, आणि त्याला चिलर नाही.

द्वारकेत बसून टाकीचं तापमान पाव अंशाने सांभाळणारा माणूस ही बातमी शरीराने समजू शकतो. एक अंश म्हणजे काय हे त्याने पाहिलेलं असतं. तो चिलर लावतो, चिलरला वीज लागते, दिल्लीच्या विजेत कोळसा आहे, कोळशाच्या कार्बन डायऑक्साइडने अडवलेली बहुतेक उष्णता शेवटी समुद्रात जाते. या साखळीतून मला सुटका दिसत नाही. लहान टाकी, कमी मासे, सोसतील अशी मऊ प्रवाळं, मेमध्ये पंखा आणि चिलर फक्त पावसाळ्यात, एवढं करता येतं, आणि करतो म्हणून साखळी तुटली असं म्हणता येत नाही.

क्लाउनफिश नीट सांभाळला तर वीस वर्षांपर्यंत जगू शकतो. दिल्लीतल्या मराठी घरांत कितीतरी माणसं केंद्र सरकारच्या किंवा सैन्याच्या नोकरीत आहेत. त्यांची नेमणूक तीन-चार वर्षांची. मासा आणण्याआधी हा हिशेब करावा. बदलीचा हुकूम आला की सोफा ट्रकमध्ये चढतो, चारशे लिटर समुद्र चढत नाही. तेव्हा आधीपासून एक माणूस ठरलेला असावा, शक्यतो जवळ राहणारा, ज्याच्या घरी टाकी मुरलेली आहे. त्याच्याकडे मासे, प्रवाळ आणि दगड ओलेच, एका दिवसात न्यायचे. वाळू नेऊ नये, तिच्या तळातला साठलेला गाळ ढवळला की नव्या घरात सगळे मरतात. सोबत वही द्यायची: तारखेवार खारेपण, तापमान, अल्कधर्मीपणा, कोणतं मीठ, रात्री किती निवळी, लेदर कोरल शेवटचं कधी मिटलं होतं. आणि त्या माणसाला सांगायचं की पहिला महिनाभर यातलं काहीही बदलू नकोस, दिव्याची वेळसुद्धा.